बियाला ठेवलेली तीन वांगी

बेबाबाई गेल्या त्याच्या बाराव्या दिवशी घर सारवायला काढलं, तेव्हा बायकांनी मातीची सगळी भांडी अंगणात आणून ठेवली. सुतक फिटताना जुनी मडकी टाकून द्यायची, ही त्या घरातली रीत होती. पाण्याचा माठ निघाला, दह्याचं गाडगं निघालं, मिठाचं मडकं निघालं आणि फडताळाखालून पाच-सहा लहान बोळकी निघाली. धाकट्या भावजयीनं ओट्यावर बसलेल्या उखर्डू नानांना विचारलं, "नाना, हे बोळकेसुद्धा टाकून देऊ का?"

नानांनी मान हलवली. त्या दिवसांत ते कशालाही मान हलवत होते. चहा आणू का म्हटलं तरी, आणि चहा गार झाला, परत नेऊ का म्हटलं तरी.

बोळक्यांत राख होती. राखेत बी होतं. ते उकिरड्यावर जाऊन पडल्यालाही तीन दिवस झाले, तेव्हा कुठं ते ध्यानात आलं. आणि तेही शिरपूरला परत निघालेल्या लताबाईच्या ध्यानात आलं. लता ही नानांची एकुलती एक लेक. पिशवी भरता भरता ती म्हणाली, "नाना, आईनं भरताच्या वांग्याचं बी कुठं ठेवलंय? आखाजीच्या सणाला आले होते तेव्हाच म्हणाली होती, पुढच्या खेपेला तुला देते."

नाना उठले, फडताळापाशी गेले, वाकले. सारवलेल्या जमिनीवर काहीच नव्हतं.

लता उकिरड्यावर जाऊन आली. भादव्याच्या पावसानं राखेचा चिखल झाला होता आणि त्या चिखलावरून गुरं गेली होती. ती परत आली तेव्हा तिच्या पायांना गुडघ्यापर्यंत घाण लागली होती. ती कोणावर चिडली नाही. ओट्यावर बसून तिनं पाय धुतले.

हे वांगं बेबाबाईंनी चाळीस वर्षांपूर्वी माहेरून आणलं होतं. नानांच्या ह्या असोद्यातही भरताची वांगी घरोघर होती, आणि जो तो आपलंच वांगं चांगलं म्हणायचा. पण बेबाबाईंचं वांगं पऱ्हाटीच्या, कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर भाजलं की साल अशी निघायची, जसा पायातला मोजा निघावा. सालीला गर म्हणून चिकटायचा नाही. बेबाबाई गावाला वांगी द्यायच्या, बी कोणाला द्यायच्या नाहीत. "वांगी पोतंभर मागा," म्हणायच्या, "बी मागू नका. ते माह्या पोरीचं आहे."

"मळ्यात रोपं आहेत ना," लता म्हणाली. "चाळीसेक असतील. श्रावणात लावली तिनं. आता बी म्हणून तेवढीच राहिली, नाना. एक वांगं जरी बियाला पिकलं तरी पुरे. तेवढी सांभाळा."

"हं," नाना म्हणाले.

लताची एस.टी. गेली आणि नाना तसेच मळ्याकडे निघाले.

सांभाळायचं म्हणजे काय, हे नानांना चांगलं माहीत होतं. त्यांची चार एकर केळी होती, तीन एकर कपाशी होती, आणि त्या सात एकरांत गवताची काडी सापडायची नाही. नानांच्या बांधावरून गुरं उपाशी जातात, असं गावात हसून म्हणत. नानांना ते आवडायचं. विहिरीजवळचा पाच गुंठ्यांचा तुकडा मात्र बेबाबाईंचा होता. मोटार चालू करायला नाना रोज त्याच्या कडेनं जात. आत कधी शिरले नव्हते. बाहेरून ते जंगल दिसायचं. कशात काय लावलंय, कळायचं नाही. ती बायकांची गंमत आहे, असं नाना धरून चालले होते. घरात बारा महिने भाजी यायची, आणि ती कुठून येते हा प्रश्न काही त्यांना पडला नव्हता.

त्यांनी तीन दिवस एकट्यानं तो तुकडा साफ केला. वांग्याच्या दोन ओळींमध्ये गुडघाभर कोथिंबीर वाढून फुलायला आली होती, ती उपटली. दर चार-पाच रोपांमागं एक झेंडू होता, तो उपटला. कडेचे कांदे काढले. मेथी काढली. मक्याच्या ताटांवर चवळीचे वेल चढले होते, ते ताटांसकट ओढून काढले. बांधावरची अंबाडी विळ्यानं छाटली. हे सगळं गवत नाही, खायचं आहे, हे त्यांना दिसत होतं. पण वांग्याच्या वाफ्यात वांगंच पाहिजे. केळीत केळी, कपाशीत कपाशी. बेबाबाईंची वस्तू सांभाळायची तर निदान नीट सांभाळू, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. भारे बैलांपुढं टाकले.

तिसऱ्या दिवशी काळ्या मातीवर चाळीस रोपं उभी राहिली, दोरी धरून लावल्यासारखी. नाना बांधावर उभे राहून बघत होते. काम झाल्यावर एरवी जे बरं वाटायचं, ते येईल म्हणून थोडं थांबले. काही आलं नाही. मग हात धुतले आणि मोटार चालू केली.

पंधरा-वीस दिवस झाले असतील. कोजागिरी उलटली होती. एका सकाळी दोन रोपांचे शेंडे मान टाकून लोंबकळताना दिसले. पाणी कमी पडलं असेल म्हणून नानांनी पाणी वाढवलं. चार दिवसांनी दहा रोपांचे शेंडे खाली आले. पहिली वांगी धरली होती, लिंबाएवढी. त्यांत दाभणाच्या टोकाएवढी भोकं दिसली.

पुतण्या निंबा कपाशीचा पंप पाठीवर घेऊन आला. "काका, औषध मारू का?"

नानांनी मान हलवली.

निंबानं मारलं. दोन दिवस तिथं उभं राहवत नव्हतं. विहिरीच्या काठावर मधमाश्या मरून पडलेल्या दिसल्या. शेंडे मात्र सुकायचे ते सुकतच राहिले. निंबा म्हणाला, "अजून एक हात मारू. नाही जमलं तर काका, काढून टाका हे. मोटारीजवळची जागा आहे, केळीचे तीनशे कंद बसतील."  नाही म्हणायला जेवढं बळ लागतं, तेवढंही नानांजवळ नव्हतं.

भिकुबाई त्याच आठवड्यात नरडाण्याहून परत आल्या. लेकीचं बाळंतपण करायला दोन महिने तिकडं राहिल्या होत्या. बेबाबाई गेल्याचं त्यांना पत्रानंच कळलं होतं. नानांपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या, हडकुळ्या, पाठीतून थोड्या वाकलेल्या. वीस वर्षं त्या आणि बेबाबाई ह्या पाच गुंठ्यांत बरोबर खुरपत होत्या. घरी येऊन त्यांनी नानांजवळ बसून रीतीप्रमाणं रडून घेतलं. नाना समोर बघत बसले. मग डोळे पुसून भिकुबाई म्हणाल्या, "चला, मळा पाहू."

बांधावर येताच त्यांनी कपाळाला हात लावला.

"नाना, वावर साफ केलं का भादरलं?"

"गवत माजलं व्हतं, अक्का."

"गवत? धने व्हते ते. कांदे व्हते. झेंडू व्हता. वाकू वाकू लावलं आम्ही, कंबर अजून सरळ नाही झाली माही."

"वांग्यात धने कशाले?"

"मले काहून पुसता? चाळीस वरीस घरात व्हती, तिले पुसाचं व्हतं."

 भिकुबाईंनाच बोलून गेल्यावर जरा जास्त झाल्यासारखं वाटलं. त्या खाली बसल्या, एक लोंबता शेंडा खुडला आणि नखानं उभा चिरला. आत गुलाबीसर अळी वळवळत होती.

"हे पाहा. तुमचा निंबा बाहेरून औषीद मारते, आन हे आत बसून हासते."

"मग आता?"

"थांबा जरासं. सांगते."

भिकुबाईंना जेवढं माहीत होतं तेवढं त्यांनी सांगितलं. लहान मुलाला सांगावं तसं, एकेक गोष्ट दोनदा. दिवस मावळला की एक पांढुरकं, नखाएवढं पाखरू येतं. ते वांग्याच्या वासावर येतं आणि पानामागं अंडी घालतं. नुसती वांगीच वांगी असली तर त्याला शोधावं लागत नाही. "रस्त्यावर एकच दुकान असलं, तर गिऱ्हाईक सीधं तिथंच जाते. बेबा म्हणे, मी बाजार भरवून ठेवते, शोधू दे त्याले." धने, कांदा, झेंडू, ज्याचा त्याचा वास वेगळा, त्या गलक्यात पाखराची वाट चुकते. सगळीच पाखरं चुकत नाहीत. जी येतात त्यांच्यासाठी धने फुलू द्यायचे. धन्याच्या फुलावर एक बारीक माशी येते, मुंगीला पंख फुटावेत तशी. मध खायला येते आणि आली की अळीच्या मागं लागते. मका कशाला? चवळीला चढायला. चवळी कशाला? तिच्या मुळांनी जमीन सुधारते, आणि चवळीवर मावा आला की त्याच्या मागं लाल किडे येतात, ठिपक्यांचे. ते मग वांग्यावरचा मावाही खातात. मेथी आणि मुळा महिन्यात निघून जातात, तोवर वांगं पसरलेलं नसतं, म्हणून मधली जागा फुकट जात नाही.

"झाकलेली जमीन तपत नाही, असं म्हणे ती," भिकुबाई म्हणाल्या. "पाणी बी कमी लागते."

नाना ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. मग म्हणाले, "कुठं काय व्हतं, ते सांगा."

"तसं नाही सांगता येत. मले डोक्यात नाही, हातात आहे."

त्या उठल्या आणि वाफ्याच्या कोपऱ्यात, नेहमी जिथून खुरपायला बसत तिथं जाऊन उकिडव्या बसल्या. उजवा हात मातीवर ठेवला, डोळे बारीक केले. थोडा वेळ गेला. "इथं मुळा," त्या म्हणाल्या. अर्धं पाऊल सरकल्या. डावा हात आपोआप बाजूला गेला. "इथं कांदा. हात लांब करा लागे, म्हणजे वीतभर दूर व्हता." आणखी सरकल्या. "इथं बेबा माह्या पुढं राहे, तिचा पदर धन्यात अडके. म्हणजे इथून धने." नाना मागून पऱ्हाटीच्या काड्यांचा भारा घेऊन चालत होते आणि भिकुबाई म्हणतील तिथं काडी रोवत होते. लांब काडी म्हणजे झेंडू, आखूड म्हणजे धने, दोन काड्या एकत्र म्हणजे मका. मध्येच भिकुबाई थांबायच्या, मागं यायच्या, पुन्हा त्याच जागी बसून हात हलवून पाहायच्या. "नाही, चुकलं. ही काडी काढा." एकदा त्या बराच वेळ तशाच बसून राहिल्या. नानांना वाटलं आठवत नाही. पण त्यांना आठवत होतं म्हणूनच त्या थांबल्या होत्या.

दुपार कलली तेव्हा पाच गुंठ्यांत दीड-दोनशे काड्या उभ्या होत्या. नाना त्यांच्याकडे बघत राहिले. बाहेरून जंगल दिसायचं, त्याला आत एवढा आराखडा होता.

दुसऱ्या दिवशी निंबा पंप घेऊन आला. नाना म्हणाले, "नको."

"काका, एक हात तरी मारू द्या."

"नको म्हटलं ना."

निंबा पंप घेऊन गेला. घरी जाऊन बायकोला म्हणाला, काका बोलले आज.

बारा रोपं फारच पोखरली होती, ती मुळासकट काढून जाळली. उरली अठ्ठावीस. नाना रोज उजाडता येत आणि मान टाकलेला शेंडा दिसला की खालून दोन बोटं सोडून खुडत. खुडलेलं सगळं फडक्यात बांधून घरी नेत आणि चुलीत घालत. किडकं वांगं वावरात पडू द्यायचं नाही, हे भिकुबाईंनी बजावलं होतं. झेंडूची रोपं त्यांच्याच परसातून आली, आपोआप उगवलेली. धने घरच्या डब्यातले होते. ते पायातल्या वहाणेनं दाबून त्यांच्या दोन फाकी करायच्या आणि मग पेरायचे, हे नानांना वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळलं. पहिले त्यांनी तसेच अख्खे टाकले होते.

"नाना, असे तर जलमभर नाही उगाचे," भिकुबाई म्हणाल्या. "केळीवाले ना तुम्ही."

मेथी आधी आली. मग मुळा. तोवर दिवाळी येऊन गेली होती. त्या वर्षी घरात दिवाळी नव्हतीच. येणारे-जाणारे म्हणायचे, नाना, मोकळे व्हा, रडून घ्या. नाना ऐकून घ्यायचे. रडायचं कसं, हे विसरल्यासारखं झालं होतं. आणि त्याचं काही वाटतही नव्हतं. बेबाबाईंच्या नावानं घास काढून ठेवायचे, तोही हिशेबानं, जसा बैलांना चारा. पण सकाळी उठल्यावर कुठं जायचं, एवढं ठरलेलं होतं. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या कोणत्या ओळीत काल काय दिसलं, ते आठवायचं.

पौषात थंडी पडली आणि धने फुलले. पांढऱ्या फुलांचा बारीक चुरा ओळीओळीनं सांडल्यासारखा दिसायचा. एका सकाळी नाना तिथं उकिडवे बसले. केळीत कधी असं बसावं लागत नाही, केळीत माणूस उभा फिरतो. बराच वेळ बसल्यावर फुलावर काहीतरी हललं. काळा ठिपका होता, त्याला पंख होते. मग दुसरा दिसला. मग एकदा नजर बसल्यावर सगळ्या ओळीभर ते दिसायला लागले. नाना ऊन डोक्यावर येईपर्यंत तिथंच होते. घरी गेल्यावर भावजयीनं विचारलं, "आज उशीर?" नाना म्हणाले, "माश्या पाहत होतो." तिनं निंबाकडे पाहिलं आणि ताट वाढलं.

नवी वांगी धरली, ती स्वच्छ होती. सगळी नव्हे, चारातलं एक अजून किडायचं. नानांनी तीन वेगवेगळ्या झाडांवरची, खालच्या फांदीवरची तीन निवडली. जुनं धोतर फाडून त्यांच्या देठाला चिंध्या बांधल्या. बियाला ठेवलेलं वांगं असं खुणेचं करतात, म्हणजे चुकून कोणी तोडत नाही.

पण निंबाचा डोळा बाकीच्या वांग्यांवर होता. जळगावहून त्याचे चार दोस्त मोटारसायकलींवर भरीत खायला येणार होते. आदल्या दिवशी तो म्हणाला, "काका, बेबाकाकूची वांगी होऊन जाऊ द्या. त्यांना मी शब्द देऊन बसलो."

"नाही."

"चिंध्या बांधलेली नाही म्हणत मी. बाकीची."

"बाकीची बी नाही. बियाच्या वांग्याले काही झालं, तर त्यातून पुन्हा निवडा लागतील."

"काका, चार वांग्यांसाठी माह्या दोस्तांत इज्जत घालवता का?"

"बाजारातून आण. पैसे देतो."

"असोद्याचा माणूस बाजारातून वांगी आणेल? लोक हासतील."

"हासू दे."

निंबा बाजारातून वांगी घेऊन आला, पिशवीत खाली घालून, वर मेथी ठेवून. विहिरीजवळ पऱ्हाटीचा जाळ झाला. कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या, भाकरी घरून आल्या. दोस्त म्हणाले, वा, असोद्याचं भरीत ते असोद्याचंच. निंबानं नानांकडे पाहिलं. नानांनी खाली मान घालून भाकरीचा तुकडा मोडला. त्या दिवशी त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या.

माघात लता आली. तोवर वांगी पिवळीधमक होऊन जड झाली होती. झाडावरच त्यांची साल सुरकुतली होती. बी काढायचं कसं, हे नानांना ठाऊक नव्हतं, आणि भिकुबाईंनाही नाही. ते काम बेबाबाई घरी एकट्या करायच्या. लताला लहानपणी पाहिलेलं थोडं आठवत होतं. तिनं अंगणात परात घेतली, पाणी घातलं.

पहिलं वांगं कापलं. आत अळीची वाट होती, काळी, गाभ्यापर्यंत गेलेली. बी सडलेलं होतं. लतानं नानांकडे न बघता ते बाजूला ठेवलं.

दुसरं कापलं. पांढरं होतं. गर पाण्यात कुस्करला, तसं बी सुटून वर आलं. बरंचसं वरच तरंगत राहिलं. "तरंगतं ते पोचट," लता म्हणाली. "ते आई फेकायची. थोडं थांबू या." नाना परातीवर वाकले. तरंगणारं बी हलत होतं. खाली, परातीच्या तळाशी, हळूहळू काही दाणे बसायला लागले. किती ते गढूळ पाण्यात दिसत नव्हतं. लतानं वरचं पाणी हळूच ओतलं. पुन्हा घातलं, पुन्हा ओतलं. तळाशी चमचाभर पिवळं बी होतं.

तिसऱ्या वांग्याचं मूठभर निघालं.

लताच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते ती कोपरानं पुसत होती, कारण हात गरानं भरले होते. नानांनी तिच्या पदराचं टोक उचलून तिच्या हातापाशी धरलं. त्यांचे स्वतःचे डोळे कोरडे होते. छातीत काहीतरी जड होतं, पण ते महिनोन्महिने तसंच होतं. आज त्यात काही फरक पडला का, हे त्यांना सांगता आलं नसतं.

बी दोन दिवस सावलीत वाळवलं, राखेत घोळलं, आणि त्याचे तीन वाटे केले. एक लताला, एक घरात. तिसरा भिकुबाईंना. "बेबा असती तर दिलं नसतं मले," भिकुबाई पुडी कनवटीला खोचत म्हणाल्या. नाना म्हणाले, "घ्या. एका घरात ठेवू नये."

शिरपूरला जायच्या दिवशी लता म्हणाली, "आता कसं लावायचं, तेही सांगा. आमच्याकडं परसात तीनच वाफे आहेत."

"तीन पुरतात," नाना म्हणाले आणि सांगायला लागले. रोप टाकायचं मृगात. लावायचं श्रावणात. दोन ओळींत हात-दीड हात जागा. तिथं धने, चिरडून पेरायचे, आणि सगळे खुडायचे नाहीत, अर्धे फुलू द्यायचे. कडेला कांदा. चार रोपांमागं झेंडू. वाऱ्याच्या बाजूला मका, त्यावर चवळी. शेंडा सुकला की खुडायचा, वाट पाहायची नाही. ते इतका वेळ बोलले की लता लिहायचं थांबवून त्यांच्याकडे बघत राहिली.

"हे सगळं आईनं सांगितलं होतं तुम्हाला?"

"नाही," नाना म्हणाले. "मी विचारलंच नाही कधी."

लतानं पुन्हा पेन उचललं. मग तिनं विचारलं, "झेंडू पिवळा का केशरी?"

"कोणताही चालतो."

एस.टी. आली. लतानं पुडी पिशवीत ठेवली नाही, हातातच धरली. गाडी वळली, धूळ खाली बसली, आणि नाना मळ्याकडे निघाले. तीनला लाईट यायची होती. ती आली तशी त्यांनी मोटार चालू केली आणि पाटाच्या तोंडाशी फावडं घेऊन उभे राहिले. पाणी आधी कांद्याच्या ओळीत शिरलं, मग वांग्यांत.